एग बॉयलर अर्ध्यातच बंद होतो, अंडी कच्ची राहतात: प्लेटवरच्या पांढऱ्या थराचा बंदोबस्त

आमच्याकडे सात अंड्यांचा साधा एग बॉयलर आहे. खाली गरम होणारी स्टीलची प्लेट, तिच्यावर अंडी उभी करायची जाळी, वर पारदर्शक झाकण आणि पाणी मोजायचं छोटं माप. मापाच्या बुडाला टोचणी. सासऱ्यांचं वय 78, दात गेल्यापासून सकाळची पोळी त्यांना चावत नाही, म्हणून त्यांची दोन अंडी ठरलेली. मुलाचं एक, माझं एक. सुट्टीचा दिवस धरूनही हे यंत्र आमच्याकडे रोज चालतं.

नवं होतं तेव्हा चार अंडी पक्की उकडायला बारा मिनिटं लागायची. पाचव्या आठवड्यात एके दिवशी सात मिनिटांतच टक् झालं आणि दिवा गेला. अंडं सोलायला घेतलं तर सालाबरोबर पांढरंही निघून आलं आणि आतला बलक बशीत वाहिला. पुन्हा बटण दाबलं तर दोन मिनिटांत परत टक्. दुरुस्तीच्या दुकानात नेलं, तिथे थर्मोस्टॅट (प्लेट फार तापली की वीज तोडणारा भाग) बदलून दिला, प्लेट घासून पुसून दिली. महिनाभर छान चाललं. मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदाही थर्मोस्टॅटच बदलला गेला आणि पुन्हा पाच आठवड्यांनी आम्ही तिथेच आलो.

खरा दुवा नणंदेकडे सापडला. ताई दादरला राहतात. त्यांच्याकडे याच बनावटीचा बॉयलर दोन वर्षं आहे आणि प्लेट अजून चकचकीत. मी विचारलं, "ताई, तुम्ही कशाने घासता?" म्हणाल्या, "अगं, घासायचं काय त्यात? फडक्याने पुसते." यंत्र एक, वापर जवळपास तितकाच, फरक फक्त पाण्याचा. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांतून येतं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी. आमची सोसायटी पुण्यात वाकडच्या बाजूला, बोअर आणि टँकरवर चालणारी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. तोच आमच्या प्लेटवरचा पांढरा थर.

प्लेटवर नेमकं काय होतं

किटलीत पाणी उकळतं आणि आपण ते ओतून घेतो, त्यामुळे बरेचसे क्षार पाण्याबरोबर निघून जातात. एग बॉयलरमध्ये पाण्याचा शेवटचा थेंबसुद्धा प्लेटवर आटतो. हे यंत्र चालतंच त्या तत्त्वावर. पाणी आहे तोवर प्लेट शंभर अंशांच्या आसपास राहते. पाणी संपलं की तिचं तापमान एकदम चढतं आणि खालचा थर्मोस्टॅट वीज तोडतो. घड्याळ लागत नाही, मोजलेलं पाणी हेच घड्याळ. पण वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. त्यात विरघळलेलं बाकी सगळं प्लेटवर राहतं, रोज.

मी पाण्याचा टीडीएस मोजायचं पेनासारखं मीटर आणलं. बोअरच्या पाण्याचा आकडा 900 आला, म्हणजे एका लिटरमध्ये साधारण 900 मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आय एस 10500 मध्ये, 500 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे आमचं पाणी बेकायदा वगैरे नाही, पण बॉयलरला ते जड जातं. रोजचं 60 मिली पाणी धरा. दिवसाला 50 मिलिग्रॅमच्या आसपास, महिन्याला दीड ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा गोल प्लेटवर दीड ग्रॅम चुना पसरला की नखाला खरखरीत लागणारा थर तयार होतो.

आणि हा थर उष्णता अडवतो. ॲल्युमिनियमच्या मानाने त्यातून उष्णता शंभर पटींनी कमी वाहते, स्टीलच्या मानानेही बरीच कमी. मग वर पाणी असतानाच थराखालची प्लेट भलतीच तापते. थर्मोस्टॅटला वाटतं पाणी संपलं, तो वीज तोडतो. तो बिचारा त्याचं काम चोख करत होता आणि आम्ही दोनदा त्यालाच बदललं.

आधी हे बघा: प्लेटवर पाणी उरलंय का?

बॉयलर वेळेआधी बंद झाला की लगेच झाकण उघडा. झाकणाची तुमच्यापासून लांबची कड आधी उचला, म्हणजे वाफ तोंडावर येणार नाही. जाळी बाजूला करून प्लेटकडे बघा.

पाणी उरलं असेल आणि प्लेट पांढरी किंवा तपकिरी झाली असेल तर दोष थराचा. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे. प्लेट लख्ख आहे तरी पाणी उरतंय, असं असेल तर मात्र थर्मोस्टॅट सैल झालेला किंवा बिघडलेला असू शकतो; तेव्हाच तो बदलून घ्या.

प्लेट कोरडी आहे आणि अंडी कच्ची, तर पाणी कमी पडलं. इथे पुष्कळ जण गोंधळतात, कारण मापावरच्या खुणा उलट्या वाटतात: एका अंड्याला जास्त पाणी, सात अंड्यांना कमी. छपाईची चूक वाटून मीही सुरुवातीला सात अंड्यांना भरपूर पाणी घालायचे आणि अंडी रबरासारखी व्हायची. खुणा बरोबर आहेत. वाफ थंड अंड्यांवर आदळून पुन्हा पाणी होते आणि प्लेटवर ठिबकते, तेच पाणी परत उकळतं. अंडी जास्त तेवढं परत ठिबकणारं पाणी जास्त, म्हणून पाणी आटायला वेळ लागतो. एकच अंडं असेल तर बरीचशी वाफ झाकणाच्या भोकातून निघून जाते, म्हणून सुरुवातीलाच जास्त पाणी द्यावं लागतं. झाकणाला तडा गेला असेल किंवा ते तिरकं बसत असेल तरी हेच होतं, पाणी लवकर उडून जातं.

थर काढायची पद्धत

प्लग काढा. प्लेट पूर्ण गार होऊ द्या. सकाळी अंडी झाली की मी हे काम दुपारी करते.

प्लेटवर अंड्याचे तपकिरी डाग असतील तर आधी ते काढायचे, चुना नंतर. डागांचा चिकट पापुद्रा वर असला तर आंबट पाणी खालच्या चुन्यापर्यंत पोचतच नाही. प्लेट जेमतेम बुडेल इतकं कडकडीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घाला, पाव तास राहू द्या, मऊ घासणीने फिरवा, ओतून टाका, ओल्या फडक्याने पुसा.

आता चुना. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, ढोकळ्यासाठी आणतो तेच. सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, 100 मिली कोमट पाण्यात विरघळवा. त्यातलं तीन-चार मोठे चमचे पाणी प्लेटवर ओता. पाणी प्लेटच्या कडेच्या वर जाता कामा नये, कारण कडेच्या फटीतून ते खाली वायरिंगमध्ये उतरू शकतं. बारीक बुडबुडे येऊ लागतील. तो कार्बन डायऑक्साइड. चुना विरघळत असल्याची खूण. वीस मिनिटं ते अर्धा तास थांबा. बुडबुडे थांबले आणि थर अजून आहे, तर ते पाणी संपलं असं समजून ओता आणि ताजं घाला. मधल्या उंचवट्यावर पाणी टिकत नाही, तिथे कागदी रुमालाचा तुकडा त्याच पाण्यात भिजवून चिकटवून ठेवा.

शेवटी लाकडी चमच्याच्या टोकाने किंवा जुन्या टूथब्रशने उरलेलं सुटतं. बटणाच्या विरुद्ध बाजूला तिरकं करून ओता, ओल्या फडक्याने तीनदा पुसा. मग अंड्यांशिवाय साधं पाणी घालून एकदा पूर्ण चालवा, म्हणजे आंबटपणा राहणार नाही.

लिंबूसत्त्व नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. वास येतो, खिडकी उघडी ठेवा. ताज्या लिंबाचा रसही चालतो, वेळ जास्त लागतो. चिंच मात्र नको. पितळेच्या समईला ती उत्तम, पण तिच्यातल्या आम्लाचं कॅल्शियमबरोबर जे बनतं ते पाण्यात नीट विरघळत नाही. थराच्या जागी दुसरा पापुद्रा येतो आणि चिंचेचा रंग बसतो तो वेगळाच.

यात एक चूक मी केली होती आणि ती बरेच जण करतात: आंबट पाणी घालून बॉयलर चालू करून दिला. उकळलं की पटकन निघेल असं वाटलं. व्हिनेगरच्या वाफेने डोळे चुरचुरले. दुसऱ्यांदा लिंबूसत्त्व होतं, ते आटून प्लेटवर तपकिरी चिकट कवच झालं आणि ते काढायला चुन्याहून जास्त वेळ गेला. कोमट पाणी आणि अर्धा तास धीर, एवढं पुरतं.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घालू नका. फेस दिसतो जोरदार, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि उरतं जवळजवळ साधं पाणी. ब्लीच किंवा संडास-बाथरूमचं क्लोरीनवालं द्रावण आंबट पदार्थाजवळ आणूसुद्धा नका, विषारी वायू तयार होतो. आणि तारेची घासणी नको. आमच्या मावशींनी प्रेमापोटी एकदा तारेने घासून प्लेट आरशासारखी केली होती. त्या बारीक ओरखड्यांत पुढचा थर आणखी घट्ट धरून बसला. काळ्या नॉनस्टिक थराच्या प्लेटवर तर तार एकदा फिरली की तो थर गेलाच.

तुमची प्लेट उघड्या ॲल्युमिनियमची असेल तर आंबट पाणी अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, रात्रभर तर नाहीच. सोड्याने असं ॲल्युमिनियम काळवंडतं, म्हणून डागांसाठी सोड्याची पेस्ट फक्त स्टीलच्या प्लेटवर वापरा.

तपकिरी डाग पुन्हा पुन्हा का पडतात

अंडं फुटलं किंवा टोचलेल्या भोकातून पांढरं ओघळलं की ते प्लेटवर करपतं. एका दिवसाचा डाग साबणाच्या पाण्याने दोन मिनिटांत जातो. चार दिवस त्याच डागावर पाणी आटवत राहिलात तर चुना आणि करपलेलं अंडं यांचा एकजीव थर होतो. आमच्याकडचा सगळ्यात चिवट थर असाच झाला होता.

टोचायचं रुंद टोकाला. तिथे अंड्यात हवेची पोकळी असते, हवा तापून फुगली की बाहेर पडायला वाट मिळते. टोचणी हलकेच दाबायची, कवचापलीकडे जाईल एवढीच. खोल गेली तर आतला पापुद्रा फाटतो आणि पांढरं बाहेर येतं. टोचलेलं टोक जाळीत वरच्या बाजूला ठेवायचं. फ्रिजमधली अंडी थेट ठेवू नका, पाच मिनिटं नळाच्या पाण्यात राहू द्या. केसाएवढी चीर असलेलं अंडं बॉयलरमध्ये नको, ते ऑम्लेटला घ्या.

अंडी फुटू नयेत म्हणून पाण्यात मीठ घालायची सवय पातेल्यात ठीक आहे. इथे ते मीठ सगळंच्या सगळं प्लेटवर उरतं, आणि मिठाने स्टीललाही टोचे पडतात. तेव्हा मीठ नाहीच.

टोचणी दर वेळी साबणाने धुवा. तिला कच्चं अंडं लागलेलं असतं आणि कवचावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. माप धुताना सुई बोटात घुसते, म्हणून मी जुना ब्रश वापरते. जाळी आणि झाकण रोजच्या भांड्यांत जातात. झाकण धुरकट झालं तर तेही चुन्याचेच ठिपके, लिंबूसत्त्वाच्या पाण्याने पुसलं की साफ. ओलं झाकण बंद करून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी अंड्याचा वास मारतो, उपडं ठेवून वाळू द्या. आणि रात्री यंत्र ओट्यावर तसंच सोडू नका: उबदार तळ आणि अंड्याचा अंश झुरळांना फार आवडतो, तळाच्या फटींतून ती आत शिरतात. आम्ही ते वाळल्यावर कापडी पिशवीत बांधून ठेवतो.

खालचा भाग नळाखाली धरला गेला तर

घरात कुणी ना कुणी एकदा हे करतंच. प्लग लावून बघू नका. उलटा करून पाणी निथळू द्या आणि हवेशीर जागी, ऊन असेल तर उन्हात, पूर्ण दोन दिवस ठेवा. पावसाळ्यात आणखी जास्त. त्यानंतर लावल्यावर घरातलं ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडलं, झिणझिण्या आल्या किंवा जळका वास आला तर तो पुन्हा वापरायचा नाही, दुरुस्तीला द्यायचा. प्लगची तिसरी, जाड पिन काढून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालायची सवय इथे जिवावर बेतू शकते, कारण पाणी आणि वीज एकाच डब्यात आहेत.

प्लेट कोरडी पडूनही बॉयलर बंदच होत नसेल, तर तोही लगेच वापरातून काढा. हा उलटा दोष जास्त धोक्याचा. यात थर्मोस्टॅट खरोखर चिकटलेला असतो.

पाणीच बदललं

थर काढता येतो, पण पाच आठवड्यांनी परत येतो. आमचा प्रश्न शेवटी सुटला तो स्वयंपाकघरातल्या आर ओ च्या नळाने. त्या पाण्याचा टीडीएस आमच्याकडे 60 आहे. 900 च्या जागी 60, म्हणजे प्लेटवर राहणारा चुना पंधराव्या हिश्शावर आला. लागतं किती, तर रोजचं 60 मिली, अर्धा कपसुद्धा नाही. हे सुचायला मला दीड वर्ष लागलं याची चुटपुट आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे. आर ओ मधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र घेऊ नका. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात.

सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर चित्र जरा वेगळं दिसेल. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो, टीडीएसचा आकडा जवळपास तोच राहतो. त्यामुळे प्लेटवर पांढरं येतंच, पण ते दगडी कवच नसतं. मऊ भुकटी असते आणि ओल्या फडक्याने निघते. ती रोज पुसा म्हणजे झालं.

पुण्यात खडकवासल्याचं पालिकेचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांना हा त्रास कमी असेल. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि अचानक प्लेट पांढरी पडू लागली, तर कारण आता कळेल.

रोजचं काम एवढंच: अंडी काढली, प्लेट गार झाली की ओल्या फडक्याने एकदा, कोरड्याने एकदा. प्लेट तापलेली असताना तिच्यावर गार पाणी ओतू नका.

आणि महिन्याच्या एक तारखेला मी एक तपासणी करते. अंडी न ठेवता बरोबर 60 मिली पाणी घालते, झाकण लावते आणि मोबाइलवर वेळ लावते. स्वच्छ प्लेटवर आमचा बॉयलर आठ मिनिटांनी बंद होतो. तुमचा आकडा वेगळा येईल, थर काढल्यावर लगेच मोजून झाकणाच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा. वेळ त्यापेक्षा मिनिटभर कमी भरली आणि प्लेटवर पाणी उरलेलं दिसलं की लिंबूसत्त्वाचा दिवस आला. आर ओ चं पाणी सुरू केल्यापासून पाच महिने झाले. या एक तारखेला सात मिनिटं पन्नास सेकंद भरली.